सैल शिवणीचा चेंडू

सौदीतल्या खमीस मुशैतच्या सनाइयात, गॅरेजांच्या त्या कळकट वस्तीत, ताजुद्दीन परकारच्या हातच्या सीट कव्हरांची मोठी ख्याती होती आणि ती काही चांगली नव्हती. कव्हर नवं असेपर्यंत गिऱ्हाईक खूश. बसायला इतकं मऊ की माणूस गाडीतून उतरायला तयार नाही. मग सुरकुत्या पडायला लागायच्या. सुरकुत्यांच्या वळ्या व्हायच्या, वळ्यांत खजुराच्या बिया आणि पोरांची खेळणी अडकायची, आणि एक दिवस गिऱ्हाईक येऊन अबू नाइफच्या टेबलावर हात आपटायचं. अबू नाइफ हा दुकानाचा मालक आणि ताजुद्दीनचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा तो. तो तणतणत आतल्या खोलीत यायचा, शिवणीत बोटं घालून दाखवायचा आणि म्हणायचा, "ताज, या भोकात मी माझी बकरी बांधू का?" ताजुद्दीन मान खाली घालून शिवण उसवायचा आणि पुन्हा घालायचा. पुन्हा सैलच.

हात कच्चा होता म्हणावं तर तसंही नाही. डोळे मिटून दाभण ओवेल असा माणूस. टाका एकसारखा, रेघ सरळ, कोपरे नेटके. फक्त शेवटचा ओढा तो देत नसे. दोरा ताणून बसवायची वेळ आली की हात थबकायचा आणि थोडी ढील सोडून पुढे जायचा. बाकीचे कारागीर म्हणायचे, म्हातारा आळशी झाला. म्हणोत बापडे. खरी गोष्ट सांगितली असती तर त्यांनी त्याला वेड्यातच काढलं असतं. खरी गोष्ट अशी होती की ताजुद्दीनने शिवण घट्ट ओढली की त्याचा मेलेला बाप मागे येऊन खोकायचा.

भुताखेतांच्या गोष्टींत असतो तसा थाट यात काहीच नव्हता. ना अमावस्या, ना पिंपळ. भर दुपारी, शेजारच्या गॅरेजात कॉम्प्रेसर धडधडत असताना, पाठीमागून तो खोकला यायचा. विडीने खरवडलेला, शेवटी घशात अडकून राहणारा. त्याच्याबरोबर ओल्या सुताचा आणि मेणाचा वास. ताजुद्दीन वळून बघायचा तर मागे रेक्झिनच्या गुंडाळ्या उभ्या. आधी रत्नागिरीला ताडपत्रीच्या दुकानात, मग जेद्दाला तंबू शिवायच्या कारखान्यात, आणि आता इथे या डोंगरावर. बावाला ना पासपोर्ट लागला ना व्हिसा. ताजुद्दीनच्या पाठीला घाम फुटायचा, बोटं आपोआप सैल पडायची, आणि शिवणीला ढील मिळाली की खोकला थांबायचा. इतकी वर्षं झाली तरी त्या भीतीची त्याला सवय झाली नव्हती.

बाप का येतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, निदान तो तसं धरून चालला होता. बाप, उस्मान तांडेल, जयगडच्या खाडीतून गलबत घेऊन मंगळूरला कौलं आणायला जायचा. शिडं घरीच शिवली जात. अंगणात कापड पसरायचं, तळहाताला चामड्याचा पट्टा बांधायचा, मेण लावलेलं सूत दाभणात ओवायचं आणि बसायचं. त्या वर्षी बापाने पहिल्यांदाच अख्खं शीड पोराच्या हाती दिलं. ताजुद्दीनला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं, अंगात मस्ती. बापाने एकच गोष्ट बजावली. "शिडाला पोट ठेव. ताठ शीड वारा खात नाय, वाऱ्याशी भांडता." पोराला ती ढिली शिवण गबाळी वाटली. त्याने टाके असे कचकचून ओढले की शीड वर चढवल्यावर इस्त्री केल्यासारखं दिसलं. बापाने वर बघितलं, खोकला, बोलला काहीच नाही, आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या खेपेला निघून गेला. परतीच्या वाटेवर वाऱ्याने गाठलं. शीड फाटलं, गलबत खडकावर गेलं. हसनखालू म्हणून नात्यातला एक तरुण खलाशी फळीला धरून किनाऱ्याला लागला. बाप मिळाला नाही.

आता कुणीही म्हणेल, मग त्या हसनखालूला विचारायचं की शीड कुठे फाटलं. पण त्या गावात एक रीत आहे. बुडालेल्या गलबतातून जो जिवंत परत येतो त्याला गेलेल्याच्या घरच्यांनी काही विचारायचं नसतं. विचारलं तर त्याचा अर्थ एकच होतो, तू का वाचलास? तो आपणहून सांगेल तेवढं ऐकायचं, त्याला गरम पेज पाजायची आणि गप्प बसायचं. हसनखालू एवढंच बोलला होता, "शीड फाटला आणि सगला संपला." उरलेलं सगळं ताजुद्दीनने मनाने जोडलं. शिवण घट्ट होती, ती तुटली, बाप गेला. आईने कधी बोल लावला नाही, आणि त्याचाच त्याला जास्त जाच झाला. माझ्या शिवणीने बाप मारला काय, हा एकच प्रश्न जन्मभर त्याच्या मानेवर बसला होता. उत्तर देणारा माणूस गावात चार घरं सोडून राहत होता आणि विचारायची सोय नव्हती.

अशा या माणसाकडे एक दिवस यतीन आला. यतीन साताऱ्याचा, खमीसच्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम बघायचा. एकदा गाडीची सीट शिवायला आला तेव्हा मराठीवरून ओळख झाली होती. या वेळी त्याच्या हातात लाल रंगाचा, फाटका, लांबट चेंडू होता.

"चाचा, हा शिवून द्याल का? इथे विकत मिळत नाही. ऑस्ट्रेलियाहून कुणी आलं तरच येतो."

ताजुद्दीनने चेंडू उलटसुलट करून बघितला. "असा लांबडा कसा झाला? टायरखाली आला काय?"

यतीन खो खो हसला. गावातली ऑस्ट्रेलियन मंडळी, कुणी हॉस्पिटलात नर्स, कुणी विमानांच्या कामावर, दर शुक्रवारी असरच्या नमाजानंतर, उन्हं उतरली की, गावाबाहेरच्या माळावर आपला देशी फुटबॉल मांडायची. माणसं कमी पडतात म्हणून त्यांनी यतीनला ओढलं आणि यतीनला त्याचं वेडच लागलं. दुकानात उभ्या उभ्या त्याने सगळा धडा दिला. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण पुढे द्यायचा तो लाथेने, नाहीतर मुठीने मारून. माळाच्या टोकाला चार खांब, मधल्या दोहोंतून लाथेने गेला की गोल. "सगळी मजा लाथेत आहे, चाचा. चेंडू असा उभा धरायचा आणि जमिनीला लागायच्या आत पायावर घ्यायचा. मग तो उलट्या कोलांट्या खात जातो, सरळ रेघेत. ड्रॉप पंट म्हणतात त्याला. टोकं नीट शिवा तेवढी."

ताजुद्दीनला खेळाचं सोयरसुतक नव्हतं, पण चेंडू उसवल्यावर तो त्यात गुंगला. कातड्याची चार पानं, उलट्या बाजूने शिवून मग पिशवीसारखी सुलटी केलेली. आत रबरी ब्लॅडर, आणि तो घालायला एका शिवणीत वादीने आवळायची फट. हे तर शीडच झालं, वारा आत कोंडलेलं. चारी पानं जिथे जुळतात ती टोकं खडीवर घासून फाटली होती, ती त्याने आत दुमडून घेतली. पोटाकडे आल्यावर हाताने सवयीचंच काम केलं. शिवण कडेच्या अगदी जवळून घेतली आणि शिडाला सोडतात तशी ढील सोडली. बापाला खोकायला त्याने जागाच ठेवली नाही.

हवा भरल्यावर चेंडूला चांगलं पोट सुटलं. टोकं बोथट, अंग गरगरीत. यतीनचा चेहरा पडला, पण म्हाताऱ्या माणसाला तोंडावर काय बोलणार? "चला चाचा, तुम्हीच बघा कसा उडतो," असं म्हणून शुक्रवारी त्याने ताजुद्दीनला गाडीत घातलं आणि माळावर नेलं.

माळाच्या वरच्या उतारावर माकडांची टोळी बसली होती. दर शुक्रवारचे प्रेक्षक म्हणजे तीच. यतीनने चेंडू उभा धरला, पायावर सोडला आणि लाथ घातली. चेंडू वर गेला आणि वर गेल्यावर त्याने बेत बदलला. कोलांटी अर्धवट राहिली, डुगडुगत तो उजवीकडे वळला आणि थेट माकडांत जाऊन पडला. माकडं पांगली, माणसं हसली. मग एकेकाने हात धुऊन घेतले, म्हणजे पाय. कुणी जोरात मारून बघितलं, कुणी हळू. चेंडू तिरका सोडून भोवऱ्यासारखा गरगरत पाठवायची एक लाथ असते, तीही एका नर्सबाईने घालून बघितली. टोक असलं की पाय त्याच्यामागे बरोबर बसतो आणि चेंडू एका चालीने फिरतो. इथे टोकच नव्हतं. कलिंगडाला लाथ मारल्यासारखं वाटतं, असं ती म्हणाली आणि यतीनने ते भाषांतर करायचं टाळलं. ताजुद्दीनला भाषांतराची गरजही नव्हती. चांगल्या चेंडूचं आपण वाटोळं केलं हे त्याला दिसत होतं आणि कधी एकदा घरी जातो असं झालं होतं.

तेवढ्यात कॉलिन पुढे आला. पांढऱ्या केसांचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला, विमानांच्या मेकॅनिकांना शिकवणारा माणूस. तो हल्ली खेळत नसे, कडेला उभा राहून आरडाओरडा करायचा. त्याने चेंडू उचलला, दोन्ही हातांनी दाबला, बोथट टोकावरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग दोन ढांगा टाकून त्याने चेंडू सोडला. पायावर नाही, जमिनीवर. चेंडू टोकावर आपटला, सरळ वर उसळी घेऊ लागला आणि नेमक्या त्याच क्षणी कॉलिनचा बूट त्याला भिडला. आवाज वेगळाच झाला, खोल आणि भरीव. चेंडू फार उंच गेला नाही, पण लांब गेला, न डुगडुगता, आणि दोन खांबांच्या मधून पार झाला. कॉलिन तिथेच उभा राहिला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

यतीन त्याच्याजवळ गेला, बोलला, आणि परत येऊन ताजुद्दीनला सांगू लागला. कॉलिनचा बाप गुरं पाळायचा. संध्याकाळची धार काढून झाली की कुरणात उभा राहून असाच चेंडू मारायचा, आधी जमिनीवर टाकून. त्याच्याकडचा चेंडू जुन्या घडणीचा होता, असाच पोटाळ, बोथट टोकांचा. तो जमिनीवर आपटला तरी कुठे उसळेल याचा भरवसा असायचा. मग चेंडू सडपातळ होत गेले, टोकदार होत गेले. टोकदार चेंडू जमिनीला लागला की कुठेही पळतो. म्हणून लोक तो हातातून सरळ पायावर घेऊ लागले, तीच लाथ खात्रीची ठरली. "कॉलिन म्हणतो, जुनी लाथ कुणी बंद केली नाही. चेंडूच तिला राहू देईना. त्यानेही कितीदा मारून बघितली, जमलीच नाही. आज तुमच्या चेंडूने जमली. म्हणतो, आत्ता माझा बाप इथे होता, माझ्या पायात."

ताजुद्दीनने यतीनचा हात धरला. "यतीनसाहेब, त्याला विचारा, भीती नाय वाटली?"

यतीनने विचारलं. कॉलिनला प्रश्नच कळला नसावा. त्याने डोळे पुसले, ताजुद्दीनकडे बघितलं आणि म्हणाला, "भीती कसली? बाप आहे माझा." मग त्याने तो चेंडू काखेत मारला आणि अंधार पडेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

परतताना गाडीत ताजुद्दीनला कॉलिनचा हेवा वाटला आणि स्वतःची लाज वाटली. एकाचा बाप येतो तर तो आनंदाने रडतो, आणि आपण बापाला टाळायला जगभराच्या सीटा सैल शिवत बसलोय.

काही दिवसांनी यतीन दुसरा चेंडू घेऊन आला. रियाधची टीम खमीसला मॅच खेळायला येणार होती. "चाचा, तो पहिला कॉलिनला लखलाभ. याला मात्र पोट नको. टोकदार हवा, कडक हवा, नाहीतर रियाधवाले आमची चामडी सोलतील." हाही चेंडू जुनाच होता, खडीवर घासून कातडं ठिकठिकाणी उडालेलं, पण टोकं शाबूत होती. शिवणी मात्र सगळ्या गेल्या होत्या.

नाही म्हणणं सोपं होतं. ताजुद्दीनने तोंड उघडलंही तेवढ्यासाठी. पण त्याच्या मनात आलं की एकदा काय ते होऊन जाऊ दे. एक घट्ट शिवण, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, दांडग्या माणसांच्या लाथा खात. तुटली तर कळेल, तेव्हाही तुटलीच असणार. टिकली तर? त्या 'तर'च्या पुढे विचार करायचं त्याला धाडस झालं नाही. "देतो," तो म्हणाला.

ती शिवण घालताना त्याची जी काय अवस्था झाली ती वैऱ्याचीही होऊ नये. पहिला टाका ओढला आणि खोकला आला, नेहमीसारखा मागून. दुसऱ्याला जवळ आला. ताजुद्दीनने स्टूल सरकवलं आणि पाठ भिंतीला टेकवून बसला, म्हणजे मागे उभं राहायला कुणाला जागाच राहू नये. दात आवळून पुढचा टाका ओढला. या वेळी खोकला त्याच्याच छातीतून आला. तोंड बंद होतं, घसा हलला नव्हता, आणि तरी बापाची ती विडीने खरवडलेली उबळ त्याच्या बरगड्यांतून वाजत गेली. मेणाचा वास इतका दाटला की श्वास कोंडला. तो रडत होता, पण त्याने ढील दिली नाही. शिवण कडेपासून चांगली आत घेतली, प्रत्येक टाका कचकचून बसवला. शेवटची वादी आवळून झाली तेव्हा हाताला दोऱ्याने चिरा पडल्या होत्या. चेंडू सडसडीत झाला, टोकं तासून काढल्यासारखी. अबू नाइफने तो बोटाने वाजवून बघितला आणि म्हणाला, "म्हणजे तुला येतं तर!"

मॅचच्या दिवशी डोंगरावरून धुकं उतरलं होतं आणि बारीक पाऊस लागला होता. सपाटीवरून आलेल्या रियाधच्या गड्यांना वर चढल्याबरोबर धाप लागली, आणि इथल्या विरळ हवेत चेंडू त्यांच्या अंदाजापेक्षा लांब जाऊ लागला. ते झेल घ्यायला उभे राहत आणि चेंडू डोक्यावरून निघून जाई. आणि काय सुरेख जात होता! यतीन हातातून सोडायचा, बूट बसायचा, आणि तो लाल चेंडू एकाच चालीत मागे कोलांट्या खात धुक्यात शिरायचा, न ढळता, आणि बरोबर आपल्या माणसाच्या छातीवर उतरायचा. कलिंगड म्हणणारी नर्सबाई कडेला उभी राहून टाळ्या पिटत होती.

ताजुद्दीनला यातलं काही सुख नव्हतं. प्रत्येक लाथेला त्याच्या कानाशी खोकला येत होता. बूट चेंडूला भिडला की खोकला. चेंडू चिखलात आपटला की खोकला. तो कलमे म्हणत होता आणि मधेच विसरत होता. कातडं पाणी पिऊन जड झालं. मग रियाधचा एक धिप्पाड गडी पळत आला आणि त्याने सगळं अंग झोकून लाथ घातली. फट्ट असा आवाज झाला. वर गेला तो चेंडू नव्हता, लाल चिंधी होती, आणि ती माळाच्या मध्यावर येऊन पडली.

झालं. मिळालं उत्तर. ताजुद्दीनला दिसला तो माळ नव्हता, पाणी होतं.

यतीन फाटका चेंडू घेऊन धावत आला. "जाऊ द्या चाचा, दुसरा आहे. मनाला लावून घेऊ नका." ताजुद्दीनने तो त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. अंगठ्याचं नख शिवणीत घालून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. टाका होता. मग दुसरी शिवण, तिसरी, चौथी. सगळे टाके जागच्या जागी, घट्ट, ओले. चीर गेली होती ती एका पानाच्या ऐन मधून, जिथे कातडं घासून कागदासारखं झालं होतं. कॉलिन वाकला आणि त्याने त्या चिरेतून बोट आरपार घातलं. "कातडं थकलं होतं," तो म्हणाला, यतीनने सांगितलं. "कुणीही शिवलं असतं तरी आज जाणारच होतं. शिवण बघ, तशीच आहे." पुढे मॅच कोण जिंकलं ते ताजुद्दीनला आजतागायत माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गावी बायकोला, मुन्नीला, फोन लावला. "हसनखालूच्या घरी जा आणि मला व्हिडिओवर दाखव. मला विचारायचा हाय."

मुन्नी चरकली. "काय विचारणार? असा कोणी विचारता काय? गावात तोंड दाखवायला जागा नाय राहणार."

"गावाला काय बोलायचा तो बोलू दे. खालू उद्या गेला तर मी कोणाला विचारू? जा, मुन्नी. आयुष्यात तुझ्याकडे काय मागितला नाय."

तिने कधी त्याचा आवाज असा ऐकला नव्हता. ती गेली. फोनच्या चौकटीत ओटीवरची खुर्ची दिसली आणि तिच्यात हसनखालू, पार वाळलेला, एका डोळ्यात मोतीबिंदू. ताजुद्दीनने सलाम केला आणि मधलं काहीही न बोलता विचारलं, "खालू, शीड कुठे फाटला? माझ्या शिवणीत काय?"

म्हातारा फोनकडे वाकला. "किती वरसा लावलीस रे," तो म्हणाला. "मी वाट बघून बघून म्हातारा झालो. तुझी आय पण विचारल्याशिवाय गेली." त्याने पंच्याने तोंड पुसलं. "शिवणीला काय झाला नव्हता. कापड कुजका होता. त्या साली एकाच गठ्ठ्यातला कापड तिघा तांडेलांनी घेतला. तिघांची शिडा मधून फाटली. ते दोघे खाडीच्या तोंडाशी होते म्हणून वाचले, आम्ही बाहेर होतो."

"बावाला कळला होता?"

"कळला म्हणजे? डोलकाठीला धरून उभा होता, वर बघत. मला म्हणाला, हसन, बघ रे, सगला कापड गेला पण पोराची शिवण धरून हाय. हसत होता. मग लाट आली."

ताजुद्दीन खोलीत जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ते काय असतं ते त्याला उतारवयात कळलं. त्याने हातपाय धुऊन वजू केला, दोन रकात नमाज पढला, बापासाठी दुवा मागितली, आणि पहिल्यांदाच ती मागताना त्याला मान वर करता आली.

कामाला गेला तेव्हा टेबलावर एका नव्या जीपच्या सीटा वाट बघत होत्या. त्याने दोरा ओवला, टाका घातला आणि बेधडक घट्ट ओढला. काही झालं नाही. दुसरा ओढला. शेजारचा कॉम्प्रेसर धडधडत होता, बाकी शांत. संध्याकाळपर्यंत सीट तयार झाली, ढोलाच्या कातड्यासारखी ताठ. अबू नाइफने तिच्यावर बुक्की मारून बघितली आणि त्याच्या पाठीवर थाप टाकली. "माशाल्ला, ताज! इतकी वर्षं कुठे लपवून ठेवला होतास हा हात?" गिऱ्हाइकांच्या तक्रारी बंद झाल्या. कारागीर त्याला मान देऊ लागले. मुन्नी फोनवर म्हणायची, तुमचा आवाज बदललाय, बरा वाटतोय.

आवाज बदलला होता हे खरं. पण मुन्नीला दिसत नव्हतं ते असं की काम करता करता तो मधेच थांबायचा आणि मान किंचित वळवून ऐकायचा. आधी त्याला वाटलं ही जुनी भीती आहे, जाईल हळूहळू. मग एका दुपारी त्याच्या ध्यानात आलं की ही भीती नव्हे. रत्नागिरीच्या त्या दुकानात तो पोरका पोर होता तेव्हा मागे कुणीतरी होतं. जेद्दाला जिथे कुणी नावाने हाक मारत नव्हतं तिथेही होतं. आई गेल्याचं कळलं आणि कफीलने रजा दिली नाही, त्या दिवशीही शिवण ओढल्यावर ते आलं होतं आणि त्याने त्याला हाकलून लावलं होतं. बाप हिशेब मागायला येतो असं समजून त्याने जन्मभर त्याच्याकडे पाठ केली. आता मागे रेक्झिनच्या गुंडाळ्या होत्या आणि त्यांच्यात कुणीही नव्हतं.

त्याने हातातला टाका आणखी ओढला. दोरा बोटात रुतला. त्याने दोन्ही हातांनी ओढला, गरज नसताना, रेक्झिन करकरलं. कॉम्प्रेसर बंद झाला तसा त्याने श्वास रोखला.

"बावा," तो हळूच म्हणाला, "घट्ट ओढतोय बघ."

मागे कोणी खोकलं नाही.